काशी बरी झाली त्यानंतर

थळच्या बंदरावर काशीचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. मासळीच्या लिलावात ती मागून बोलली तरी पुढच्या बायका बाजूला सरायच्या. घेतलेला माल टोपलीत भरून ती किहीमला जायची, नारळाच्या वाड्यांतून घरोघर कोलंबी आणि बोंबील विकायची. गिऱ्हाइकांशी भांडायची आणि त्यांच्याच ओटीवर बसून चहाही प्यायची.

मग तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, स्तन काढावा लागला. केमो झाली, रेडिएशन झालं. गेलेले केस परत आले, तेही आधीपेक्षा कुरळे. डॉक्टर म्हणाले, "उपचार संपले. आता फक्त तपासणीला येत राहा." शेजारपाजारच्या बायका भेटायला आल्या. "सुटलीस गं बाय," म्हणाल्या.

काशीला मात्र सुटल्यासारखं वाटेना. उपचार चालू होते तोवर कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी करतंय, असा आधार होता. आता तोही गेला. ऑपरेशनमुळे डावा हात सुजून जड व्हायचा. चूल आवरली तरी दम लागायचा. पाठ जरा दुखली की तिला वाटायचं, आलं परत. बंदराकडे जाणं तिने सोडलं. आंघोळ झाली की मोरीतच साडी गुंडाळून बाहेर यायची, आरशापुढे उभी राहायची नाही.

तिचा नवरा येसाजी होडीवर जायचा. मुळातच कमी बोलणारा माणूस. परत आला की एकच विचारायचा, "जेवलीस?" ती म्हणायची, "व्हय." मग तो जाळं शिवायला बसायचा, ती आत निघून जायची.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी तिचा हात बघितला आणि व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवलं. ताईंनी हाताला घालायचा घट्ट मोजा दिला, व्यायाम दाखवले आणि विचारलं, "रोज हळूच मालीश करावं लागेल. घरी कोण करील?"

दाराशी उभा असलेला येसाजी पुढे आला. दोर ओढून ओढून त्याच्या तळहातांना घट्टे पडलेले. त्याने पहिलाच हात असा फिरवला की काशी कळवळली.

"काका, जाळं नाही ओढायचंय," ताई म्हणाल्या. "तान्ह्या बाळाला तेल लावताय असं समजा."

"बाळाला मी कवा लावलं? तिनंच लावलं सगळं."

काशीला हसू फुटलं. कितीतरी महिन्यांनी.

येसाजी शिकला. सकाळी चहा झाला की तो पाट घेऊन तिच्या बाजूला बसायचा. हात तिच्या हातावर आणि नजर खाली, त्यामुळे त्याला बोलता यायला लागलं. एकदा म्हणाला, "तुला आपरेशनला आत नेली ना, तवा मी जिन्याखाली जाऊन रडलो."

"मला बोलला न्हाय ते?"

"तुला रडू आलं असतं."

"आलंच होतं की." तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "त्याच्यानंतर तुम्ही माझ्याकडं नीट बघितलं न्हाय."

येसाजीचा हात थांबला. "तू पाठ फिरवतेस. मला वाटलं, मी बघितलेलं तुला नको हाय."

त्या दिवशी होडी उशिरा निघाली.

हाताची सूज हळूहळू उतरली. ताईंनी सांगितलं होतं, वजन थोडं थोडं वाढवा, आणि हाताला काटा लागू देऊ नका, जखम चिघळेल. काशी पुन्हा बंदरावर आली ती जाड रबरी हातमोजे घालून. बायका हसल्या. "डाक्टरीण आली बघा!"

"व्हय, डाक्टरीण," काशी म्हणाली. "सर बाजूला, तुला सुई टोचायचीय." आवाज तोच होता.

टोपली मात्र आता अर्धीच भरायची. किहीमला चालत न जाता टमटमने जायची, थकली की सरळ घरी यायची. दोन फेऱ्या करण्याचा हट्ट तिने सोडून दिला होता.

टमटममध्ये तुळशी सोबत असायची. वयाने काशीहून लहान, शेजारच्याच आळीतली, तीही मासळी विकणारी. एकदा तिने विचारलं, "काशीवयनी, कापतात तवा दुखतं?" दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, "मग नवरा काय बोलला?"

काशीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. किहीमला न जाता तिला घरी आणलं, दार लावलं आणि आपल्या पोलक्याची बटणं सोडली. आडवा, फिकट व्रण. सपाट छाती.

तुळशी बघत राहिली. "एवढंच?" म्हणाली आणि रडायलाच लागली. "मलाबी गाठ हाय, वयनी. गणपतीपासनं."

"कुणाला दाखवली?"

"न्हाय."

"मीबी लपवली होती. शिमग्याला लागली हाताला, पाऊस सुरू झाल्यावर दाखवली. तोवर वाढली. तू तसं करू नको. उद्या मी येते संगती."

दोघी अलिबागला गेल्या. तपासणीत कॅन्सरच निघाला, पण गाठ लहान होती. तुळशीचा स्तन काढावा लागला नाही, नुसती गाठ काढली. पुढच्या उपचारांना मांडव्याहून लाँचने मुंबईला जाताना काशी बरोबर असायची. येसाजीने तुळशीच्या नवऱ्याला गाठून बजावलं, "नुसतं जेवलीस का विचारू नको. बस तिच्यापाशी."

एकदा लाँचमध्ये तुळशीने विचारलं, "भीती कवा जाते?"

काशीने खोटं सांगितलं नाही. "तपासणी आली की ती अजून येते. त्या आठवड्यात मला जेवण जात न्हाय. पण बाकीच्या दिवसांत मी ती इसरते. कामात असते, भांडते, झोप लागते. तुलाबी लागंल."

 तुळशीने काशीच्या पिशवीत हात घातला आणि विचारलं, "वयनी, खायला काय आणलंय?"

काशीने डबा उघडला. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. डोक्याला रुमाल बांधलेल्या तुळशीने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तिने अख्खी भाकरी खाल्ली आणि वर दुसरीही मागितली.