बिलोली रस्त्यावरची चिंच

सिद्धलिंग बिरादार देगलूरच्या एका शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांना कॅमेऱ्याचं वेड लागलं. माणसांचे फोटो त्यांना जमत नव्हते. कॅमेरा धरला की समोरची माणसं ताठ व्हायची आणि सर स्वतःच अवघडायचे. झाडांचं तसं नव्हतं. त्यातही हिरवीगार, लगडलेली झाडं त्यांना नको असत. वीज पडून चिरलेली, वाळवीनं पोखरलेली, वेड्यावाकड्या फांद्यांची झाडं शोधत ते मोटरसायकलवर फिरायचे. इस्लापूरच्या जंगलात कहांडळाची झाडं आहेत. उन्हाळ्यात पानं झडली की त्यांची पांढरीफटक खोडं उघडी पडतात आणि दुरून कुणी उभं असल्यागत वाटतं. त्यांच्यासाठी सर तीन उन्हाळे तिकडे गेले. घरी येऊन संगणकावर फोटोतला रंग काढायचा, आभाळ अजून काळं करायचं, खोड अजून पांढरं.

"असं झाड मी तर कुठं बघितलं नाही," लताबाई, त्यांच्या पत्नी, म्हणायच्या.

"म्हणून तर काढून राहिलो," सर म्हणायचे.

बिलोलीच्या रस्त्यावर एका शेताच्या बांधावर जुनी चिंच होती. एप्रिलात ती त्यांच्या नजरेस पडली. चिंचा नुकत्याच झोडपून नेलेल्या, पाला विरळ झालेला, वर अवकाळीचं आभाळ. खाली साखराबाई नावाची म्हातारी वाळकं, म्हणजे गावरान काकड्या, आणि भाजलेल्या शेंगा घेऊन बसली होती. दोन बायका, एक दूधवाला, बसची वाट बघणारं एक जोडपं, अशी पाच-सात माणसं सावलीला होती.

"बाई, जरा बाजूला होता का? पाच मिनिटं," सर म्हणाले.

"झाडाचाच फोटू काढायलाव व्हय?" म्हातारीनं हसून विचारलं, टोपलं उचललं आणि उन्हात जाऊन बसली. बाकीचेही सरकले. पाच मिनिटांचा तास झाला. निघताना तिनं सरांच्या हातावर एक वाळूक ठेवलं. "घ्या गुरुजी, घसा वाळला असंल."

नोव्हेंबरात नांदेडला सरांच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. सगळे फोटो काळेपांढरे. लोक थबकत होते ते त्या चिंचेपुढंच. काळ्याकुट्ट आभाळाखाली एकटं झाड, फांद्या खाली झुकलेल्या, जणू कुणाला तरी धरायला निघालेल्या. एका तरुण बातमीदारानं विचारलं, "सर, या झाडामागं काही गोष्ट आहे का?"

सरांना आठवलं ते वाळूक. पण ते सांगायला त्यांना कसंसंच वाटलं. ते म्हणाले, "लोक म्हणतात, तिन्हीसांजेला त्या झाडाखाली थांबू नये."

कुणीही तसं म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, खाली गावाचं नाव आणि ते वाक्य. आठवड्याभरात तो मोबाईलवर फिरायला लागला. कुणी त्यात एक नवरी घातली, कुणी पैंजणांचा आवाज. लताबाईंनी मोबाईल पुढं धरून विचारलं, "हे कोण म्हणतं हो?"

"दोन दिवसांत विसरतील," सर म्हणाले. खरं तर ते मनातून सुखावले होते.

पुढच्या मे महिन्यात बिलोलीला लग्नाला जाताना सर त्या बांधाशी थांबले. चिंच नव्हती. जमिनीलगत कापलेला रुंद बुंधा होता आणि भोवती लिंबं, हळदकुंकू, कुजलेले नारळ. शेताचा मालक भागवत औताची दुरुस्ती करत बसला होता. फोटो काढणारे सर ते हेच, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"झाड कशानं गेलं?" सरांनी विचारलं.

"गेलं न्हाई, मीच पाडलं. औंदा चिंचा झोडपायला कुणी चढंना. इथं लई वंगाळ हाय म्हणत्यात. पेपरात आलं होतं. रोज कुणीतरी येऊन लिंबू कापायचं, पोरं मोबाईल घेऊन यायची, पीक तुडवायची. आज्यानं लावलेलं झाड होतं ते."

"अन् ती म्हातारी?"

"साखरामावशी? त्या झाडाखालची म्हणून तिच्याकडं कोण थांबतंय? बिलोलीच्या स्टँडवर बसती आता."

सर लग्नाला न जाता स्टँडवर गेले. साखराबाई तिथं भिंतीशी, फाटकी छत्री बांधून बसली होती. तिनं त्यांना लगेच ओळखलं, पाणी पुढं केलं. सरांनी पाणी घेतलं नाही.

"मावशी, ती गोष्ट मी सांगितली होती. माझ्या मनची. तिथं काही नव्हतं."

म्हातारी शेंगा चाळायला लागली. मग म्हणाली, "मी पंचवीस वर्सं बसले तिथं. मला इचारायचं व्हतं, गुरुजी. मी सांगितली असती की तुमाला गोष्ट."

 सरांनी शेंगा घेतल्या. तिनं मूठभर जास्तीच्या टाकल्या आणि घरच्यांची खुशाली विचारली. ते त्यांना तिच्या रागावण्यापेक्षा जड गेलं.

त्यांनी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही. मग एका शनिवारी ते त्या गावात गेले. मारुतीच्या पारावर माणसं जमली होती. सरांनी हात जोडून सगळं सांगितलं: ते वाक्य खोटं होतं, चूक माझी आहे, साखराबाईला गावात सुखानं बसू द्या.

माणसांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग नरसिंग नावाचा एक पोक्त शेतकरी म्हणाला, "सर, तुमी भले माणूस. पण तुमी बाहेरगावचे, तुमाला काय ठाऊक? मी सोता ऐकलंय तिथं पैंजण. पेपरात यायच्या लई आधी."

बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणीतरी सरांसाठी चहा सांगितला. सर खाली मान घालून तो पीत राहिले, आणि दिवस मावळायच्या आत निघा, असं त्यांना तिघाचौघांनी काळजीनं बजावलं.