जानकीच्या कॉमेंट्स

बरुआसागरच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवून जानकी बसने प्रेमनगरला घरी परतायची आणि चहा पिऊन लॅपटॉप उघडायची. जगभरचे लोक मिळून लिहितात अशी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टिम होती. तिच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलच्या कोडमध्ये माणसांसाठी लिहून ठेवलेल्या कॉमेंट्स ती तपासायची. कोड केव्हाच बदललेला, कॉमेंट मात्र जुनंच सांगत बसलेली. कुठे काढून टाकलेल्या फंक्शनचा हवाला, कुठे सरळ उलटी सूचना. जुना इतिहास उकरून ती खरं काय ते शोधायची आणि दोन ओळींत नीट लिहायची.

ही गोडी लावली मामेभावाने, नोएडात नोकरी करणाऱ्या यशवंतने. "नव्या माणसाचं पटकन घेत नाहीत गं," तो म्हणाला होता. "माझ्याकडे दे, मी पुढे पाठवतो. नाव तुझंच राहील." दादा म्हणतोय म्हटल्यावर ते कुणाच्या नावाने जातंय हे तिने कधी उघडून पाहिलं नाही.

एका रविवारी शहरातल्याच दतिया गेटला मामांकडे जेवणं चालली होती; सुट्टीला आलेला यशवंतही पानावर होता. मामा कौतुकाने म्हणाले, "यशवंताला जर्मनीत भाषणाला बोलावलंय. कर्नलच्या कॉमेंट्स साफ केल्या ना त्याने!"

जानकीने घास ताटात ठेवला. तिने तिथेच मोबाइलवर शोधलं. वाक्यं तिची, शब्दन् शब्द तिचा. लेखक म्हणून प्रत्येक ठिकाणी यशवंत.

"दादा, हे काय?"

तो हसला. "अगं, कॉमेंटच तर होत्या. कोड थोडाच होता?"

"मग तुला जर्मनीला कशासाठी बोलावलंय?"

मामीच मध्ये पडली, "छोड़ ना बेटा. भावाबहिणीत कसलं तुझं-माझं?"

जानकी हात धुऊन निघाली. तिने कर्नल सांभाळणाऱ्यांना यशवंतला पाठवलेल्या जुन्या मेलांसकट सगळं कळवलं. उत्तर सभ्य होतं: वाईट वाटलं, झालेल्या नोंदी आता बदलता येत नाहीत, यापुढचं काम थेट आमच्याकडे पाठवा. तिने पाठवलं, आणि ते तिच्या नावाने कोडमध्ये घेतलंही गेलं. यशवंत जर्मनीला जाऊन आला. भाषणाचा फोटो त्याने घरच्या ग्रुपवर टाकला; त्याच्यामागच्या पडद्यावर जानकीचंच एक वाक्य होतं. खाली सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं टाकली, तिच्या आईनेसुद्धा.

त्या वर्षी राखीला ती दतिया गेटला गेली नाही. आईने विचारलं तेव्हा "शाळा आहे," म्हणाली. राखीला शाळा बंद असते, हे आईला ठाऊक होतं.