चमेलीचं तेल आणि काठवटीतलं सोनं

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताच्या कारभारात होता. खामगावच्या सराफ्यातली धूळ मात्र आमच्या कारभारात होती. आम्ही झारेकरी. सोनारांच्या दुकानांपुढचा केर, भट्टीची राख, मोरीतला गाळ गोळा करायचा आणि धुऊन त्यातलं सोनं काढायचं. लोक सोनं अंगावर मिरवतात, आमच्या घराण्यानं ते गटारातून वर आणलं. पाहुण्यांना हे मी छाती फुगवून सांगतो. त्यातलं मी स्वतः किती आणलं, ते कोणी विचारू नये.

धुता धुता हलकं सगळं वाहून जातं आणि लाकडी काठवटीच्या तळाशी उरतं ते ‘काळं’. ही जड काळी रेती, आणि तिच्यात पिठासारखं बारीक सोनं. लोहचुंबकानं बरंचसं काळं निघतं, पण शेवटचं हातानंच काढावं लागतं. माझा हात असा, की काळ्याच्या आधी सोनंच घमेल्यात उडी मारायचं.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा काठवट कोणाला द्यायची हा प्रश्न आला. आमच्यात रीत होती. हातात काठवट घेणाऱ्यानं काळं धुऊन दाखवायचं आणि खालच्या घमेल्यात सांडलेलं दुसऱ्यानं पुन्हा धुवायचं. त्यात एक कण जरी चमकला, तरी काठवट भिंतीपलीकडे काकीच्या घरी. काठवटीमागोमाग सराफ्यातली आमच्या वाट्याची गल्लीही तिकडेच जाणार.

माझं लग्न नुकतंच झालेलं. बायको वडनेर भोलजीची. घर आमच्याच समाजातलं, पण शेतीत रमलेलं. तिनं ज्वारी पाखडली होती, सोनं कधी धुतलं नव्हतं. तरी ती आईला म्हणाली, "मले बसू द्या, आत्याबाई."

सकाळी अंगणात ती बसली. आई खाटेवर, काकी घमेल्याशेजारी अगदी टपून. बायको काठवट सुपासारखी घोळू लागली.

"काऊन वं, ज्वारी निवडून राह्यली का?" काकी म्हणाली.

"जड असते थे खालीच बसते, काकी. ज्वारीतला खडा असो नाही तं सोनं."

घोळून झाल्यावर तिनं काठवट जराशी कलती केली आणि कडेवर तळहातानं हलके हलके थापा दिल्या. प्रत्येक थापेसरशी काळं पुढं सरकायचं आणि मागं हळदीच्या बोटासारखी पिवळी रेघ उरायची. मला राहवेना. मी वाकलो. नवा नवरदेव म्हणून डोक्यावर चमेलीचं तेल ओतलेलं. घामाबरोबर त्यातला एक थेंब टपकन काठवटीत पडला.

पाण्यावर रंगीत तवंग पसरला आणि रेघेतलं बारीक सोनं उठून त्यावर तरंगायला लागलं. सोनं जड खरं, पण त्याचं पीठ झालं की तेलकट पाण्यावर तेही माशीसारखं बसतं. ते कडेकडे निघालं. खाली घमेलं होतंच.

आईला दिसत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. "चमेली! घाणा पालथा घातला काय बे डोक्यावर?"

काकीनं घमेलं आणखी जवळ ओढलं. बायकोनं मात्र काठवट चटकन सपाट केली आणि तशीच धरून ठेवली, पाण्याला सुरकुती पडू न देता.

"केस धुवाले रिठे भिजू घातले होते, थे पाणी आणा," ती मला म्हणाली.

मी धावलो. या कामात माझा खरा उपयोग झाला तो एवढाच. तिनं रिठ्याचं पाणी बोटांनी शिंपडलं. तवंग फाटला, आणि तरंगणारं सोनं मुकाट्यानं तळाशी गेलं. मग पुन्हा घोळणं, पुन्हा थापा.

"हे तुले कोनं शिकवलं?" आईनं विचारलं.

"तेलाचं डोकं रिठ्यानंच धुतात ना, आत्याबाई," माझ्याकडे तिरकं बघत ती म्हणाली.

काकीनं घमेलं धुतलं. उन्हात धरलं, पुन्हा धुतलं, चुंबक फिरवला. शेवटी पदराला हात पुसले. "नुसती रेती हाय," ती म्हणाली, आणि जाताना काठवटीत डोकावून स्वतःशीच पुटपुटली, "पोरीचा हात हाय बाप्पा!"

आईनं चाचपत काठवट उचलली आणि सुनेच्या मांडीवर ठेवली. सराफ्यात अजूनही मला ‘तिचा नवरा’ म्हणूनच ओळखतात, आणि मी हाक येताच ताठ मानेनं ओ देतो. फक्त काळं धुवायला निघालं की मला डोक्याला फडकं बांधून बसावं लागतं, तेही काठवटीपासून लांब.