कातड्याचं पाणी

इलाहीबक्षचाचांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली होता. तीस वर्षं पाण्याची पखाल वाहून तो तसा झाला होता. आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत नळ आले तेव्हा लोक म्हणाले, आता या कातड्याच्या पिशवीला कोण विचारतो? पण आमच्या बोळातल्या पाच घरांनी त्यांना सोडलं नाही. प्यायला नव्हे, तर सड्याला, झाडांना, गुरांना. त्या पाच घरांवर चाचांचं आणि त्यांच्या बायकोचं, लालबींचं, चाललं होतं. ती घरं माझ्यामुळे तुटायला आली, म्हणून हे लिहून ठेवते.

शके १८५६ चा वैशाख. आमचे हे हायस्कुलात सायन्स शिकवत. दार्जिलिंगच्या एका मास्तरांनी शाळेसाठी तीन सॅलॅमँडर पाठवले होते. अंग सरड्याचं, कातडी बेडकाची. बोळातल्या बायका त्यांना ‘मास्तरांच्या पाली’ म्हणत. शाळेला सुटी लागली आणि काचेची पेटी आमच्या पडवीत आली. हे पेपर तपासायला पुण्याला निघाले. जाताना बजावलं, “पाणी चाचांच्या पखालीतलंच, ते गार असतं. पेटीवर ओलं गोणपाट हवं. आणि खायला घालताना थोरल्याला वेगळं काढायचं, तो धाकट्याचे पाय चावतो.”

खाणं म्हणजे गांडुळं. आमच्याकडे लिंगपूजा, जीव मारणं पाप; मी किड्याला हात लावणार नाही, हे चाचांना न सांगता ठाऊक. विहिरीकाठच्या चिखलातून ते गांडुळं आणत आणि म्हणत, “अक्का, तुमी तिकडं तोंड करा की. बगितलंच न्हाय तर पाप कुटलं?”

मला मात्र ते पाणी डाचत होतं. पेटीमागच्या भिंतीपलीकडे देवघर, आणि इकडे कातड्यातलं पाणी. चाचा पेटी भरून गेले, की मी तांब्याच्या घागरीतलं, रात्रभर ठेवलेलं पूजेचं पाणी दोन लोटे वरून घालू लागले. घागर रोज चिंचेनं घासलेली, सोन्यासारखी. मुक्या जिवांना चांगलंच देते आहे, असं वाटे. कुणाला बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी तिघांनी खाणं सोडलं. पाण्यात राहीनात, दगडावर चढून बसत. अंगावरून पांढरे पापुद्रे सुटू लागले. मी जप वाढवला आणि पाणीही वाढवलं. पाचव्या दिवशी सकाळी धाकटा उताणा तरंगत होता.

नेमक्या तेव्हाच शेजारच्या अंबुबाई विरजण मागायला आल्या. “बघ! मेल्या जनावराच्या पिशवीतलं पाणी, जितं जनावर जगेल का त्यात? आणि आपण तेच दारात शिंपतो, बाई!”

मलाही तसंच वाटलं. यांनी नोंदींसाठी ठेवलेल्या वहीत लिहिलं, ‘पखालीच्या पाण्याने एक गेला.’

अंबुबाईंनी ते बोळभर केलं. दोन दिवसांत बाकीच्या चारही घरांनी चाचांना नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी ते भरली पखाल घेऊनच आमच्या पडवीशी उभे राहिले. खांदा आणखी खाली आला होता.

“अक्का, तुमीबी नको म्हनत असाल तर सांगा. लालबीला घिऊन मैंदर्गीला भावाकडं जातो. पर आदी मला ती जनावरं नीट बगू द्या.”

उरलेले दोघे दगडावर डोळे मिटून पडले होते. चाचांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

“ह्यात वरून काय घालता?”

“काही नाही,” मी म्हटलं. देवघराच्या भिंतीला लागून उभी राहून मी खोटं बोलले.

“माजं पाणी मला कळतंय की, अक्का. ह्याला तांब्याची चव हाय.”

माझ्या पायांशी लोटा होता. लपवायला जागा नव्हती. मी सगळं सांगितलं. वर म्हटलं, “पण तांब्याइतकं शुद्ध दुसरं काय आहे, चाचा?”

“द्येवाला चालतंय. द्येवाला कुटं कातडं हाय? ह्यास्नी हाय. तोंडानं न्हाय, कातड्यानं पित्यात. आमच्या मशिदीच्या हौदात कुनीतरी कल्हई उडालेली तांब्याची मोठी देग रातभर बुडवून ठेवली, सकाळी समदे मासे उताणे.” मग जरासे हसले. “कातड्याच्या जनावराला कातड्याचंच पाणी बरं.”

त्यांनी पेटी रिती केली, दगड धुतले, पखालीचं तोंड सोडलं. दोन दिवस मी घागरीला शिवले ती फक्त पूजेपुरती. दर तासाला गोणपाट उचलून बघत होते. पापुद्रे थांबले. पण खाईनात. “आज न्हाय खाल्लं तर उद्या मी येत न्हाय, मैंदर्गी गाठतो,” चाचा म्हणाले आणि गांडूळ सोडलं. त्या दिवशी मी तोंड फिरवलं नाही. थोरल्यानं मान वळवली, थांबला, आणि गपकन घेतलं.

वहीतली ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, ‘खोटं. माझ्या घागरीने गेला.’ मग पदर खोचून चार घरी गेले. अंबुबाईंकडे शेवटी.

“तुझ्या पूजेच्या पाण्यानं? बोलू नकोस कुठं, बाई. हसतील.”

“तिन्ही घरी तेच बोलून आले आहे,” मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी चाचा बोळात शिरले तेव्हा तीन दारांत रिकामे हंडे मांडलेले होते. अंबुबाईंच्या दारात काही नव्हतं. चाचा तिथं थांबले, कोपऱ्यातल्या सुकलेल्या कर्दळीच्या बुडात त्यांनी थोडं पाणी सोडलं आणि पुढे निघाले.

“अहो, थांबा की!” आतून आवाज आला. “हंडा आणते!”