खालांचं मुंग्यांचं मशीन

पेणला माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे आणि नावावर वायरमनचं लायसन्स. त्यामुळे रोह्याच्या मैत्रिणीचा फोन आला, "अम्मी रोज मशीनवर हात ठेवून बसते, लवकर ये," तेव्हा मी आधी हसले आणि मग पिशवी भरायला घेतली.

मशीन पीठ मळायचं. मैत्रीण घरी नानकटाई करून विकते. तिच्या नवऱ्याला गल्फमधल्या अमेरिकन साहेबाने देश सोडताना ते दिलं. चालतं एकशेदहा व्होल्टवर, म्हणून सोबत घरातला करंट उतरवून देणारा जाडजूड ट्रान्सफॉर्मर. चालू मशीनच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. मैत्रीण घाबरली. ती जिला अम्मी म्हणते त्या तिच्या सासूची, म्हणजे माझ्या खालांची, आखडलेली बोटं मात्र खूश होती.

मांडीवर मिठागरातलं पाच किलो जाडं मीठ घेऊन मी रोह्याला उतरले. स्वयंपाकघरात शेजारच्या दोन म्हाताऱ्या नंबर लावून बसलेल्या.

"रांगेत ये गो," खाला म्हणाल्या.

"खाला, हा करंट आहे."

"म्हायत हाय. डॉक्टर पन करंटच देतो."

तपासायला मीही हात लावला. मुंग्या कोपरापर्यंत चढल्या आणि मला चक्क गुदगुल्या झाल्या. सगळ्याच हसायला लागल्या, मीही. मग मी प्लग काढला आणि बोर्ड उघडला. अर्थिंगच्या भोकामागे तारच नव्हती. प्लग पुन्हा लावून बघितलं, तर ट्रान्सफॉर्मरमधून निघालेल्या दोन्ही तारांवर टेस्टर मिणमिणत होता.

"यातली न्यूट्रल कुठली?" मैत्रिणीने विचारलं.

"अजून कुठलीच नाही. दोघी अधांतरी आहेत, जमिनीशी एकही बांधलेली नाही. एक सोलवटून पत्र्याला चिकटली तरी कुणाला कळणार नाही. दुसरा बिघाड होईल तेव्हा मध्ये अम्मीचा हात असेल."

"माझ्या मुंग्या जातील," खाला म्हणाल्या.

"गेल्या तर बोटांचं मी बघते."

परसात मोरीचं पाणी जातं तिथे खड्डा खणला, पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरलं.

"लोणचं घालतेस का गो?"

"व्हय, करंटचं."

दोन बादल्या पाणी ओतलं आणि तिथून तार आत आणली. ती मशीनच्या पत्र्याला जोडली, ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला जोडली. बाहेर पडणाऱ्या दोन तारांपैकी एक तिथेच, ट्रान्सफॉर्मरपाशी, त्याच अर्थिंगला बांधली. ती झाली न्यूट्रल. दुसरीच्या वाटेत, करंट पत्र्यात उतरला की आपोआप पडणारं बटन बसवलं.

मशीन घरघरायला लागलं. खालांनी हात ठेवला. पुन्हा ठेवला. मग दुसरा ठेवला.

"मेलं," त्या म्हणाल्या.

"येवढ्या लांबून आलो!" दोन घरं पलीकडची म्हातारी कुरकुरत उठली.

उरलेलं मीठ मी तव्यावर तापवलं, फडक्यात बांधून खालांच्या बोटांवर ठेवलं. त्यांनी दुसरा हातही पुढे केला. बरं वाटत असावं, पण कबूल कोण करणार?

आठवड्याने त्यांचाच फोन. "तुझा बटन खराब हाय. मशीन चालू करून हात ठेवते तर टक्कन पडतो."

"अजून हात ठेवता?"

"मीठ गरम होईपर्यंत."

गेले. मशीनचं मागचं झाकण काढलं. कडेला घासून घासून एका तारेचं आवरण फाटलं होतं आणि उघडं तांबं पत्र्याला टेकलं होतं. खालांना जवळ बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून तार बघितली, मग बटन, मग स्वतःचा हात.

"म्हंजे ह्यो माझ्यासाठी पडत व्हता?"

"तुमच्यासाठीच."

"आन मी त्याला शिव्या दिल्या!"

मैत्रीण आधी हसली, मग खाला, आणि मला तर पक्कड धरवेना. तार बदलून बटन वर केलं, तर ते शहाण्यासारखं वरच राहिलं. खालांनी डब्यातली गरम नानकटाई घेतली, मला देतील म्हणून मी हात पुढे केला, आणि त्यांनी ती उचलून बटनाच्या पेटीवर ठेवली.