पासिंगआधीचा हॉर्न

चोपन्नाव्या वर्षी मी गाडी घेतली, तीही माझ्याहून जास्त थकलेली. देवळाली कॅम्पमधल्या एका सुभेदारांची बदली झाली, त्यांच्याकडून. गाडीला पंधरा वर्षं पूर्ण व्हायला दोनच महिने उरले होते, म्हणजे पासिंग आलंच. आरटीओचे साहेब दिवे, ब्रेक, हॉर्न सगळं तपासणार आणि पास झाली तरच ती पुढे रस्त्यावर चालणार. मी सिन्नरच्या शाळेत शिकवते. सव्वीस वर्षं नाशिकहून मोहदरी घाट ओलांडून एसटीनं गेले, आणि एसटी चुकली की जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी अर्धी टेकून. आता मला स्वतःच्या सीटवर, पर्स शेजारी ठेवून, ऐसपैस जायचं होतं. एवढीच हौस.

आमच्या ह्यांना गाडी अजिबात पसंत नव्हती. हे निवृत्त शिक्षक, विषय भौतिकशास्त्र, आणि निवृत्तीनंतर विद्यार्थी म्हणून मी एकटीच उरलेली. स्वतःला गाडी चालवता येत नाही, पण ब्रेकिंग डिस्टन्सवर अर्धा तास बोलतील. "अगं, ही गाडी नाही, भंगार आहे. पासिंगला नापास होणार," असं ते जेवताना रोज म्हणायचे. मला राग यायला वेळ लागत नाही. एका दुपारी मी वरणाची वाटी आपटून म्हणाले, "पहिल्या फटक्यात पास झाली नाही, तर विकून टाकीन आणि पुन्हा एसटीनं जाईन!" बोलून तर बसले. त्याच आठवड्यात हॉर्न गेला.

हॉर्नशिवाय नाशिकमध्ये गाडी चालवून बघा एकदा. मी काच खाली करून "ओ दादा, सरका की जरा!" असं ओरडत द्वारका चौक पार करायचे. वर्गातली पन्नास पोरं गप्प बसवणारा आवाज आहे माझा, त्यामुळे दादा सरकायचे. पण तपासणीच्या साहेबांपुढे स्वतः ओरडून कसं चालणार?

द्वारकेजवळ एक वयस्कर वायरमन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी फ्यूज बदलला, हॉर्न खणखणीत वाजला. मी खूश. घरी येईपर्यंत दोन गतिरोधक लागले आणि तिसऱ्याला हॉर्न मुका. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डॉक्टरपुढे गेल्यावर ज्याचा ताप उतरतो अशा पोरासारखा हा हॉर्न, चाचांसमोर वाजायचा आणि माझ्यापुढे गप्प. तिसऱ्या खेपेला चाचा वैतागले. "मॅडम, फ्यूज उडतो म्हणजे कुठं तरी शॉर्ट होतंय. पण कुठं, ते दिसत नाय. माझं नाव खराब करणार ही गाडी."

तपासणीचा दिवस उजाडला तेव्हा हॉर्न बंदच होता. सकाळी नऊला मी चाचांच्या दारात हजर, आणि काय होतं ते बघायला हेही सोबत. मला तर वाटलं, गाडीची फजिती बघायलाच आलेत. चाचांनी नवा फ्यूज टाकला, बोनेटवर दोन्ही हात टेकवले आणि गाडी वर-खाली हलवायला लागले. "मॅडम, मी हलवतो, तुम्ही हॉर्न दाबत राहा." मी दाबत राहिले. इकडे ह्यांनी शॉर्ट सर्किट म्हणजे काय ते सुरू केलं होतं. "दोन बिंदूंमध्ये उघडी तार आली की प्रवाह..." इतक्यात पुढच्या जाळीमागे ठिणगी उडाली आणि हॉर्न बंद.

"सापडलं!" चाचा ओरडले. त्यांनी जाळी सोडवली, आत हात घातला आणि हळूच काहीतरी बाहेर काढलं. सात मिरच्या, एक लिंबू, खाली बिब्बा. सगळं उघड्या तांब्याच्या तारेत ओवलेलं. गाडी उडाली की तार हलायची, हॉर्नच्या टोकाला चिकटायची, आणि नेमका तेव्हाच हॉर्न दाबला की फ्यूज जायचा.

"मॅडम, हे तुम्ही बांधलं?" चाचांनी अदबीनं विचारलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे शेजारच्या रिक्षाच्या टायरचं फार बारकाईनं निरीक्षण करत होते. गल्लीत कुणी दारावर लिंबू-मिरची टांगली की हाच माणूस थांबून त्याची शाळा घेतो! आणि तांब्याची गुंडाळी आमच्या घरात एकाच कपाटात असते, ह्यांच्या.

माझं डोकंच फिरलं. चार माणसांत आवाज चढवून म्हणाले, "गाडी नापास व्हावी म्हणून मुद्दाम केलंत ना हे?"

"नाही गं." ते अगदी हळू बोलत होते. "तू आंघोळीला गेलीस की दर शनिवारी बदलायचो. दोरा पावसात कुजतो म्हणून तार घेतली."

"पण तुमचा विश्वास तरी आहे का असल्या गोष्टींवर?"

"नाही." मग रिक्षाच्या टायरकडेच बघत म्हणाले, "मोहदरी घाटात ट्रक फार असतात."

चाचांनी एकदम पाना शोधायला पाठ फिरवली. इतकी वर्षं संसार केला, पण हा माणूस घाबरतो, आणि माझ्यासाठी घाबरतो, हे मला ठाऊक नव्हतं. राग कुठे गेला कळलं नाही.

चाचांनी नवा फ्यूज टाकून दिला आणि आम्ही थेट तपासणी केंद्रावर गेलो. दिवे झाले, ब्रेक झाले. साहेब म्हणाले, "हॉर्न." मी दाबला. इतका जोरात वाजला की साहेब मागे सरकले आणि म्हणाले, "बास, बास, कळलं." गाडी पास. हे कुंपणाबाहेर उभे होते, आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवल्या. भंगाराला.

परतताना ते माझ्या शेजारी बसले, पट्टा लावला, आणि खिडकीवरचा दांडा घट्ट धरून ठेवला. एक शब्द बोलले नाहीत, ब्रेकिंग डिस्टन्सवरसुद्धा नाही. रस्ता मोकळा होता, मला वेगाची आवड आहे, आणि गाडी नुकतीच पास झाली होती. तरी घरापर्यंत मी चाळीसच्या वर गेले नाही.