पहिल्या पेटीचं औक्षण

लॅबचा रिपोर्ट उघडला. ड्रिलिंगच्या पहिल्या भोकाच्या वरच्या मातीत सोनं निघालं होतं, तेही इतकं, की ऑफिसातल्या पोरांनी लगेच जलेबी मागवली. मी खुर्चीला चिकटून बसले. अहो, सोनं असं एकटं सापडतं का कुठे? आजूबाजूला थोडं तरी असतं, सोबत गारगोटी दिसते. इथे त्याच्या खाली शून्य, शेजारच्या भोकात शून्य, आणि मधेच हा एक आकडा.

आमच्या धंद्यात अशा आकड्याचा पहिला अर्थ एकच: नमुन्यात कुणीतरी सोनं टाकलं. आणि चोर शोधायला लांब जायलाच नको. ड्रिलिंग बैतुलकडच्या डोंगरात चाललं होतं, पण दगडमातीच्या पेट्या यायच्या बुऱ्हाणपुरात, लालबागला, आमच्या घरामागच्या केळीच्या गोदामात. ते कंपनीला भाड्यानं मिळवून दिलं मीच. नमुने भरायची मी, पिशव्यांना सील लावायची मी. नोकरी तर जाईलच, पण मिलावट करणारी असं नाव पडलं की जिऑलॉजिस्ट म्हणून पुन्हा कोण उभं करणार?

प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग आम्ही पेटीतच राखून ठेवतो. कंपनीच्या साहेबांना सांगून तो तपासायला पाठवला. त्यात काहीच नाही. साहेबांचा फोन आला, "मॅडम, मैं कल आ रहा हूँ." आणि ठेवून दिला.

घरी आले तर आई मेथी निवडत बसलेली, चेहरा नुसता फुललेला. "सोनं निघालं म्हणे! निघणारच. पहिली पेटी आली तेव्हा मी ओवाळलं नव्हतं का? माझ्या गळ्यातल्या पोतीतला एक सोन्याचा मणी पण टाकला."

"टाकला? कुठे टाकला?"

"त्या मातीत. बोटानं आत दाबला. घराच्या पायात नाही का आपण सोनं घालत? लक्ष्मी वर येणार, तर तिला आधी सोनं दाखवायला नको?"

देवा रे! ती माती भुसभुशीत, म्हणून मीच पळीनं अर्धी करून पिशवीत भरली होती. मातीनं माखलेला बारीकसा मणी, दिसणार कसा? लॅबनं तो मातीबरोबर दळला. मला आईचा राग आला, आणि हायसंही वाटलं. कारण तर सापडलं.

साहेब आले तेव्हा आईनं पदर सारखा करून सगळं स्वतःच सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा संपवला आणि म्हणाले, "आंटी, माँ तो बेटी के लिए कुछ भी बोलेगी."

मग मीच बोलले, लॅबमध्ये उरलेली पूड पुन्हा तपासा. सोनार दागिन्यात तांबं घालतो. मणी असेल तर ते त्यात निघेल. साहेबांनी मान डोलावली. रिपोर्ट येईपर्यंत मी दिवसातून दहादा मेल उघडून बघायची.

तांबं निघालं! मी आनंदानं ओरडलेच. तेवढ्यात साहेबांचा फोन.

"मॅडम, सोनं दागिन्यातलं आहे, हे मला पटलं. पण नमुन्यात ते टाकणारा हात कुणाचा, हे लॅब नाही सांगत. कल से गोदाम में मत आइए."

एवढं शिकले, पण ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मिलावट झाली याचा पुरावा साहेबांना हवा होता, आणि तो मीच मागून आणून दिला.

आई दारात येऊन उभी होती. "काय म्हणाले गं? निघालं का तांबं?"

"निघालं."

"बघ! पटलं ना आता, मणी माझाच होता ते?"

मी मान डोलावली. ती लगबगीनं देवापुढे साखर ठेवायला गेली.